आमच्या आमदारांचा आरोग्य मदत कक्ष: साडेतीन स्टार, त्यातले तीन टेबलावरच्या पोराचे

हॉटेलचा, मोबाईलचा, क्लासचा रिव्ह्यू सगळे लिहितात पण आमदारांच्या ऑफिसचा कोणी लिहीत नाही. लोक एकतर साहेबांच्या पाया पडतात नाहीतर चहाच्या टपरीवर शिव्या घालतात, मधलं काही नाही. म्हटलं आपण लिहू. साहेबांचं नाव, पक्ष, तालुका काहीच लिहिणार नाहीये, कारण लिहिलं की खाली फक्त पक्षावरून भांडणं होणार आणि कामाचं राहून जाणार. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तर आमच्याकडे साहेबांच्या जनसंपर्क कार्यालयात "आरोग्य मदत कक्ष" असा बोर्ड लावलेला एक कोपरा आहे. एक टेबल, एक प्रिंटर, एक कपाट आणि तिशीतला एक पोरगा, ज्याला सगळे नुसतं "दादा" म्हणतात, अगदी सत्तर वर्षांच्या आज्यासुद्धा. बाहेर साहेबांचा फोटो भिंतीएवढा आहे, पण काम हा दादा करतो, आणि या रिव्ह्यूमधले बहुतेक स्टार त्याचेच आहेत हे आधीच सांगून टाकते.

माझं काम पडलं मामांमुळे. छातीत दुखायला लागलं, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला, डॉक्टर म्हणाले इथे काही होणार नाही, थांबू नका, मग १०८ ने जिल्ह्याला नेलं आणि तिथून एका प्रायव्हेट हॉस्पिटलला. हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीतलं, म्हणजे अँजिओप्लास्टी फुकट व्हायला पाहिजे. पण काउंटरवर सांगितलं की मामांचं नाव रेशनकार्डावर ऑनलाइन दिसत नाहीये, मुलाने कार्ड वेगळं केलं तेव्हा कुठेतरी घोळ झालाय, ई-केवायसी पण बाकी, त्यामुळे योजनेत बसत नाही, तोपर्यंत पन्नास हजार डिपॉझिट भरा. मामी रडायला लागली. दागिन्यांचं बोलणं सुरू झालं. मी दादाला फोन लावला, नंबर कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकलेला होता.

आता इथे मला जे अपेक्षित होतं ते असं की हा म्हणणार "साहेबांशी बोलतो, बघतो, करतो". तसं काहीच म्हणाला नाही. पहिला प्रश्न, "ताई, पेशंट आत्ता कुठल्या वॉर्डात आहे, आयसीयू का जनरल?" दुसरा प्रश्न, "आरोग्यमित्राला भेटलात का?" मी म्हटलं तो कोण. म्हणाला योजनेचा माणूस, काउंटर सोडा, हॉस्पिटलमध्ये त्याचं वेगळं टेबल असतं, निळा बोर्ड शोधत बसू नका, सिक्युरिटीला विचारा, तिथे जा आणि फोन स्पीकरवर टाका.

टाकला. मग दोघांचं बोलणं मी ऐकत होते आणि खरं सांगते, अर्धं कळलं नाही पण ऐकायला भारी वाटलं. "इमर्जन्सी आहे ना, मग फोनवरून मंजुरी घ्या ना आधी, कागद नंतर देता येतात की. केस टाकली का सिस्टीमला? नाही टाकली? मग पेशंट बसत नाही हे ठरवलं कोणी?" आवाज एकदाही चढला नाही. साहेबांचं नाव पण शेवटी घेतलं, तेही "आमदार साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय" एवढंच. तोपर्यंत आरोग्यमित्राने फॉर्म काढलेला होता. संध्याकाळी मंजुरी आली, दुसऱ्या दिवशी स्टेंट. रेशनकार्डाचं काम दादाने तहसीलच्या पुरवठा शाखेत फोन करून लावून दिलं, मामेभावाला फक्त आधार घेऊन जायला लागलं.

डिस्चार्जच्या दिवशी परत त्याचाच फोन, की ताई, पॅकेजमध्ये घरी जायचं एसटीचं भाडं पण असतं ते मागून घ्या आणि दहा दिवसांपर्यंतची औषधं, फॉलोअप पण त्यातच आहे, बाहेरून विकत आणायला सांगितलं तर मला सांगा. भाडं किती, दोनशे-तीनशे रुपये. पण एवढ्या बारीक गोष्टीसाठी फोन करणारा माणूस आमदाराच्या ऑफिसात बसलाय हे मला नवीन होतं.

नंतर मी त्याच्याकडे काही ना काही निमित्ताने जात राहिले, कधी शेजारच्यांसाठी कधी कामवाल्या मावशींसाठी, त्यामुळे आता बऱ्यापैकी अंदाज आलाय की हा कक्ष कशात चांगला आणि कशात फुसका.

चांगला कशात, तर माणसाला योग्य दारात उभं करण्यात. आपल्याकडे योजना कमी नाहीत, त्या कुठे लागू होतात ते कळत नाही. १ जुलै २०२४ पासून जनआरोग्य योजना सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांना पण, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, तरी अजून आमच्या कॉलनीतले निम्मे लोक "आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काही नाही" म्हणून एफडी मोडायला निघतात. दादा पहिल्यांदा कार्ड बघतो. मग आजार योजनेच्या यादीत आहे का ते बघतो, कारण काही ऑपरेशनं फक्त सरकारी हॉस्पिटललाच राखीव आहेत आणि प्रायव्हेटवाले तेवढंच सांगत नाहीत. योजनेत नसेल तर धर्मादाय हॉस्पिटल. तिथेही जमलं नाही तरच मुख्यमंत्री सहायता निधी. हा क्रम तो सोडत नाही, आणि लोक नेमके उलट्या क्रमाने आलेले असतात, आल्या आल्या "सीएम फंडाचा फॉर्म द्या".

धर्मादाय हॉस्पिटलचं तर मी पन्नाशीला आले तरी मला माहिती नव्हतं, जाऊ दे. पाटी असते, मोठ्या ट्रस्टचं नाव असतं, बिल मात्र फाइव्ह स्टारचं. पण हायकोर्टाच्या २००६ च्या आदेशाने जी स्कीम लागू झाली त्यात अशा हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के बेड दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचेत, आणि त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम एका वेगळ्या फंडात टाकायची. उत्पन्नाची मर्यादा निर्धनला वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलला ३ लाख ६० हजार. इमर्जन्सीत डिपॉझिट मागायचं नाही. हे सगळं दादाला पाठ आहे आणि तो हॉस्पिटलच्या समाजसेवकाला फोन करून "बेड आहे का" असं विचारतच नाही, तो विचारतो "आज निर्धनचे किती बेड भरलेत आणि फंडात शिल्लक किती आहे". समोरचा माणूस एकदम सावरून बसतो. फोनवरून दिसत नाही पण आवाजावरून कळतं.

शेजारच्या काकूंच्या सुनेला बाळंतपणात गुंतागुंत झाली, बाळ काचेत ठेवलं, बिल रोज वाढत होतं. तिथे असाच फोन झाला आणि बिल निम्म्याच्या खाली आलं. पूर्ण माफ नाही झालं, कारण उत्पन्नाचा दाखला तीन लाखांचा निघाला. काकू नाराज होत्या, "आमदाराचा माणूस असून एवढंच?" मला मात्र आवडलं की त्याने खोटा दाखला काढायचा सल्ला दिला नाही, जो तालुक्यात दुसऱ्या दोन ठिकाणी सहज मिळतो.

आता फुसकं काय ते.

एक म्हणजे पत्र. साहेबांच्या लेटरहेडचं लोकांना एवढं वेड आहे की काय सांगू. सीएम फंडाच्या कागदांच्या यादीत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, १ लाख ६० हजारांच्या आतला, आधार, रेशनकार्ड, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, अपघात असेल तर एफआयआर असं सगळं असतं, त्यात आमदारांचं पत्र हा कागदच नाही. अर्ज ऑनलाइन जातो, पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यावर जातात. तरी ऑफिसात सकाळपासून पत्रासाठी रांग. आणि ऑफिस पण ते देतं. दादाला मी विचारलं, अरे लागत नाही तर देता कशाला, लोकांचा अख्खा दिवस जातो. हसला नुसता. मग म्हणाला, "ताई, पत्र नाही दिलं तर म्हणतात साहेबांनी काही केलं नाही." बरोबर आहे त्याचं पण, आणि इथेच सगळी गोम आहे. जे काम कायद्याने व्हायलाच पाहिजे ते पत्र दिल्यावर साहेबांनी केलेलं काम होतं. मग मंजुरी आली की मंजुरीपत्र हातात धरून पेशंटच्या बायकोचा साहेबांबरोबर फोटो, तो तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर. मामींना पण बोलावलं होतं. मामी गेल्या नाहीत, म्हणाल्या पाय दुखतायत. मला वाटतं पाय दुखत नव्हते.

आजारी माणसाचं नाव, आजार, रक्कम असं सगळं लिहून फोटो टाकणं बंदच करायला पाहिजे. कॅन्सर झालेल्या एका तरुण मुलीचा फोटो असाच फिरला होता. गावात लग्नाचं बघताना या गोष्टी किती वर्षं उकरून काढतात हे साहेबांना माहिती नाही असं मी मानत नाही. यासाठी अर्धा स्टार तिथेच कापला.

दुसरं, जनता दरबार. महिन्यातून एकदा भरतो, टोकन देतात, मंडप असतो, पाणी असतं, मतदारसंघात तीन-साडेतीन लाख मतदार म्हटल्यावर गर्दी होणारच. पण आरोग्याची तक्रार दरबारात नेऊ नका. आमच्या गावच्या बायका प्राथमिक आरोग्य केंद्रात संध्याकाळी डॉक्टर नसतात हे सांगायला गेल्या होत्या. साहेबांनी तिथल्या तिथे माईकवरून वैद्यकीय अधीक्षकांना फोन लावला, झापलं, टाळ्या पडल्या. आता गंमत बघा, अधीक्षक ग्रामीण रुग्णालयाचे, ते सिव्हिल सर्जनच्या हाताखाली. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथला साहेब वेगळा, तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ज्याला झापलं त्याचा त्या केंद्राशी काडीचा संबंध नव्हता. तो बिचारा "हो साहेब, बघतो साहेब" म्हणत राहिला. केंद्रात संध्याकाळी आजही कुलूपच असतं. टीव्हीसाठी ठीक आहे हो हे, पण तीन टर्म आमदार राहिलेल्या माणसाला कुठलं हॉस्पिटल कोणाकडे येतं हे माहिती पाहिजे. अशीच गल्लत फुकट उपचारांची. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं फुकट झालं, पण मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षण खात्याची, त्यांना तो निर्णय नव्हता. साहेबांच्या बॅनरवर मात्र सरसकट "सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत". मग लोक कॉलेजच्या काउंटरवर भांडतात आणि तिथला क्लार्क शिव्या खातो.

शिबिरांबद्दल थोडक्यात. वाढदिवसाला महाआरोग्य शिबिर होतं. बीपी, शुगर, चष्मे. शुगर तीनशे निघालेल्या माणसाला एक चिठ्ठी आणि एक केळं देऊन घरी पाठवतात, पुढे त्याचं काय झालं हे विचारणारं कोणी नाही. मोतीबिंदूवाल्यांना मात्र गाडी करून ऑपरेशनला नेतात आणि आणून सोडतात, ते चांगलं.

आणि ती ॲम्ब्युलन्स. आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा झालाय, त्यातून गाडी घेता येते, पण ड्रायव्हरचा पगार आणि डिझेल त्यातून निघत नाही. त्यामुळे उद्घाटन झालं, नारळ फुटला, चारी बाजूंनी साहेब हसतायत असे फोटो चिकटवले आणि गाडी ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात लग्नाला आलेल्या रुसलेल्या जावयासारखी एका कोपऱ्यात उभी आहे. डिझेल कोण भरणार यावर नगरपंचायत आणि हॉस्पिटलचं अजून एकमत नाही. गाडी घेण्याआधी हे कागदावर घेता आलं असतं ना?

आता एवढं बोलल्यावर साहेबांच्या बाजूचं पण लिहिते, नाहीतर म्हणाल विरोधकांनी लिहून घेतलं.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही. तीस खाटांचं हॉस्पिटल, ऑपरेशन थिएटर आहे, डॉक्टर बाईंची सिझर करायची तयारी आहे, पण भूल द्यायला कोणी नाही म्हणून रात्री कळा सुरू झालेली बाई जिल्ह्याला रेफर. रस्ता कसा आहे ते माहितीये सगळ्यांना. कक्षाकडे येणारे रात्रीचे फोन जास्त करून हेच. दादा एक रजिस्टर ठेवतो, साधी लांब वही, तारीख, गाव, काय झालं, कुठे पाठवलं, शेवटी काय झालं. नाव लिहीत नाही, फक्त गाव. मी एकदा ते चाळलं. पानंच्या पानं "सिझर, भूल नाही, रेफर", "सिझर, भूल नाही, रेफर". एका ओळीपुढे "वाटेत" एवढंच लिहिलेलं. मी पुढचं विचारलं नाही.

त्या रजिस्टरवरून साहेबांनी विधानसभेत तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावं लागतं तो. हे मला दादाने सांगितलं तेव्हा विश्वास बसला नाही, मग विधिमंडळाच्या वेबसाइटवर जाऊन बघितलं, प्रश्नोत्तरांच्या याद्या तिथे असतात, कोणालाही बघता येतात. भाषा नेहमीची सरकारी, "भूलतज्ज्ञाचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय", "असल्यास, यासंदर्भात चौकशी केली आहे काय", "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". आणि उत्तर, "हे अंशतः खरे आहे." अंशतः! पद आहे, माणूस नाही, तर अंशतः. पण त्या प्रश्नानंतर आठवड्यातून दोन दिवस प्रायव्हेट भूलतज्ज्ञ केसप्रमाणे पैसे देऊन बोलवायला सुरुवात झाली, मंगळवार आणि शुक्रवार. ठरवून करायची सिझर आता इथेच होतात. कळा काही वार बघून येत नाहीत हे खरंय, पण कुठल्याही पत्रापेक्षा, मंडपापेक्षा आणि त्या गाडीपेक्षा हा एक प्रश्न मला मोठा वाटतो. आणि गंमत म्हणजे याचा एकही बॅनर लागला नाही! बहुतेक साहेबांच्या पीआरवाल्यांना हे काम वाटलंच नसावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ऑफिसात येणारा प्रत्येक पेशंट म्हणजे कुठेतरी काहीतरी बंद पडलंय याची पावती आहे. कार्डावरून नाव गेलं, डिपॉझिट मागितलं, डॉक्टर नाही, भूल नाही. दादा एकेका माणसाचं काम करून देतो, पण तेच काम पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या माणसाला परत करून घ्यायला यावं लागतं. जे हॉस्पिटल योजनेत असून डिपॉझिट मागतं त्याचं नाव रजिस्टरमध्ये किती वेळा आलंय ते दादाला तोंडपाठ आहे. ते साहेबांनी एकदा लेखी योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे आणि नागपूरच्या अधिवेशनात मांडलं तर निम्मी रांग कमी होईल. कमी होईल म्हणूनच मांडत नाहीत असं टपरीवरचे लोक म्हणतात. मी एवढं वाईट बोलणार नाही, पण भूलतज्ज्ञाचा प्रश्न जमला तर हा पण जमायला हवा, विषय तसाच आहे आणि कागद तयार आहे.

स्टारचा हिशोब विचाराल तर दादाला तीन, त्या तारांकित प्रश्नाला एक, फोटोबाजीचा अर्धा वजा. बाकी दरबार आणि शिबिर धरलंच नाही, धरलं असतं तर अजून खाली गेलं असतं.

कोणाला जायचं असेल तर काही गोष्टी. सकाळी अकराच्या आत जा, नंतर दादा फोनवरच असतो. रेशनकार्डाची ओरिजिनल आणि ऑनलाइन प्रिंट दोन्ही न्या, पेशंटचं आधार, आणि डॉक्टरने आजाराचं नाव नीट अक्षरात लिहिलेला एक तरी कागद, नुसतं "पेशंट सिरियस आहे" सांगून त्याला काही शोधता येत नाही. उत्पन्नाचा दाखला घरात कोणी आजारी नसतानाच सेतूतून काढून ठेवा, आजारपणात तलाठी भेटत नाही. पत्र मागू नका, आधी विचारा लागतंय का. फोटोला बोलावलं तर नाही म्हणता येतं, मामींनी म्हटलं, पुढच्या कामाला काही आडकाठी आली नाही. आणि पेशंट आयसीयूत असेल तर ऑफिसला येऊच नका, फोन करा आणि हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राच्या टेबलापाशी उभं राहून करा. रविवारी कक्ष बंद असतो. दादा फोन उचलतो तरी, पण त्याची बायको आता वैतागलीये असं ऐकलंय, तेव्हा किरकोळ कामाला रविवारी नको.